शुक्रवारची छाती

नवी पेठेत श्रीमंतच्या दुकानात लेस गजावर मोजून मिळायची आणि बोलणं फुकट. दाक्षायणी गुरीच्या झबल्याला पांढरी लेस घ्यायला आली होती. दहा महिन्यांची गुरी कमरेवर बसून टांगलेल्या रंगीत फितींकडं दोन्ही हातांनी झेपावत होती.

"दोन वार द्या. आणि नीट मोजा, मागच्या खेपेला चार बोटं कमी भरली."

"गज तोच हाय वहिनी. पोरगीच चार बोटं वाढली असंल, त्याला मी काय करू?"

श्रीमंतनं लेस सोडायला घेतली. वेढे सुटत गेले आणि आतला पुठ्ठा उघडा पडला. फिकट हिरवा, गुळगुळीत, आणि त्यात ओळीनं गोल गोल भोकं. गुरीनं हात घातला तशी दाक्षायणीनं तो तिच्याआधी उचलला, उजेडाला धरला, आणि तिचं बोट आपोआप भोकांवरून फिरलं.

"एक. आठ. शून्य. पाच," ती म्हणाली. "वय एक्केचाळीस. पिंजण खातं. नोकरी अठरा वर्षं."

"आँ? भविष्य बघाया लागलात काय?"

पुढचं वाचायला पुठ्ठाच नव्हता. मधोमध कात्रीनं कापलेला.

"ह्याचा दुसरा अर्धा कुठाय?"

"आता ते काय सांगू? कुटल्या तरी लेसंखाली असंल की. एका कार्डात दोन पुठ्ठे निघत्यात. हिरवा रंग पांढऱ्या लेसंखाली लई खुलतो बघा."

दाक्षायणीनं फळीवरची दुसरी लेस ओढली, वेढे बाजूला सारले. खाली उजवा अर्धा होता. वाराच्या रकान्यात भोक होतं सहावर. सहा म्हणजे शुक्रवार. तिला वाटलं, विसरलो आपण, सोमवार म्हणजे दोन ना? तिसरी लेस काढली. सहा. चौथी काढली. पुन्हा सहा.

"अहो वहिनी, दुकान उधळताय काय माझं!"

तिचं लक्षच नव्हतं. तिला तो उन्हाळा आठवला होता.

लग्नाआधी दोन वर्षं दाक्षायणी पाहणी कचेरीत पंच ऑपरेटर होती. गिरणीतल्या माणसांच्या छात्या तपासायची मोठी पाहणी निघाली होती तेव्हा. डॉक्टर फॉर्म भरायचे आणि ह्या चार मुली तो फॉर्म कार्डावर चढवायच्या. अक्षर नाही, शाई नाही, नुसती भोकं. बिल्ला नंबर, वय, खातं, श्वास किती, छाती कुठल्या वारी भरते, कशामुळं भरते. वर छापील आकडे उमटवणारं वेगळं यंत्र मिळायचं, ते कचेरीनं घेतलंच नव्हतं. त्यामुळं चूक शोधायची तर भोकंच वाचायची. वर्षभरात, बाकीच्या मुलींनी पोथी वाचावी तशी दाक्षायणी ती भोकं वाचायला लागली होती.

आणि कालच, सोमवारी, तिचा नवरा चनबसप्पा गिरणीच्या दवाखान्यातून मान खाली घालून आला होता. पिंजण खात्यात चौदा वर्षं झाली त्याला. रविवारची सुट्टी भोगून सोमवारी कामावर गेला की दुपारपर्यंत छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं व्हायचं. मंगळवारी थोडं हलकं, बुधवारी आणखी हलकं. त्यानं एवढंच मागितलं होतं, की मला घडी खात्यात टाका, तिथं कापूस उडत नाही. डॉक्टर म्हणाले, "चनबसप्पा, तू सोमवार धरतोस ना? पोटात अन्न नाही म्हणून धाप लागते. पाहणीतच निघालंय तसं. रिपोर्ट आहे."

पाहणीत निघालंय.  आणि ती हिरवी कार्डं दाक्षायणीच्याच हातची होती. त्या उन्हाळ्यात क्रीम रंगाची कार्डं संपली म्हणून हिरवी आली होती. आणि त्याच तीन महिन्यांत विजेची टंचाई पडली म्हणून गिरणीची सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी झाली होती. सुट्टी गुरुवारी सरकली आणि माणसांच्या छात्या सोमवार सोडून शुक्रवारी भरायला लागल्या होत्या. उपवास मात्र सोमवारचा सोमवारीच होता.

"श्रीमंतभाऊ, न कापलेली हिरवी कार्डं किती आहेत?"

"एक गठ्ठा असंल आत. का?"

"कात्री लावू नका. मी आले."

"आन् लेस?"

लेस राहिली ती राहिलीच.

---

पाहणी कचेरीत आबासाहेब सुपरिंटेंडेंट अजून त्याच खुर्चीत होते. फक्त खुर्चीवर आता गादी आली होती.

"अरे वा, दाक्षायणी! ही तुमची का? गोड आहे हो."

"आबासाहेब, आपली कार्डं लेसवाल्याकडं कशी गेली?"

"रद्दीत काढली. दोन खोल्या अडल्या होत्या. जिन्याखालच्या खोक्यांना तर वाळवीच लागली."

"मग फॉर्म दाखवा."

"फॉर्म तेव्हाच जाळले की. कार्डावर चढलं की कागद ठेवायचा नाही असा नियम होता. गठ्ठे तुम्हीच बांधून दिलेत, विसरलात?"

विसरली नव्हती. सुतळीच्या गाठीसुद्धा तिच्याच होत्या.

"मग मशीनवर लावून बघा."

आबासाहेब हसले. लहान मुलाला समजवावं तसं त्यांनी हात पुढं केले. "कुठलं मशीन, बाई? ते भंगारात गेलं. पुण्याला आता कॉम्प्युटर आलाय. त्याला ऐंशी रकान्यांचं कार्ड लागतं, चौकोनी भोकांचं. आपलं पासष्टचं, गोल भोकांचं. त्याच्या घशाखाली ते उतरत नाही. आणि आपलं मशीन विलायतेत आता कोणी करतही नाही. त्यामुळं ती कार्डं म्हणजे मुकी झाली असं समजा."

"चार हजार माणसांची छाती मुकी झाली?"

"छाती कशाला? रिपोर्ट आहे की!" त्यांनी किल्ली लावून कपाट उघडलं. लाल कापडाची बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि आजूबाजूला डांबराच्या गोळ्या. "सगळं सार ह्यात आलंय."

ते लाल कापड बघून दाक्षायणीचा संताप असा उसळला, की गुरी दचकून रडायला लागली. रिपोर्टाला डांबराच्या गोळ्या आणि कार्डांना वाळवी!

"सार? आबासाहेब, कारणाच्या रकान्यात काय मारायचं ते तुम्ही सांगत होता. डॉक्टर रकाना कोरा ठेवायचे. तुम्ही म्हणायचात, सोमवार आहे ना, मग उपवास, तीन मारा. शुक्रवार यायला लागले तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही काय म्हणालात?"

"एवढ्या वर्षांचं कोणाला आठवतंय..."

"रकाना कोरा ठेवायचा नाही. तीनच मारा. असं म्हणालात."

"आणि तुम्ही मारलंत," आबासाहेब शांतपणे म्हणाले.

रस्ताभर तिला तेच ऐकू येत होतं. मारलंत. अठरा वर्षांची होती, पहिली नोकरी होती, साहेब सांगतात ते खरं वाटायचं. पण बोटं तिचीच होती. तेव्हा चनबसप्पा तिच्या आयुष्यात नव्हता, त्याची छाती तिच्या लेखी एक भोक होती.

---

श्रीमंतनं गठ्ठा द्यायला नकार दिला नाही. फक्त म्हणाला, "पुठ्ठ्याला पुठ्ठा द्या. लेस काय माझ्या बोटाला गुंडाळू?" म्हणून दाक्षायणीनं घरातले झाडून सगळे पुठ्ठे काढले. सासूच्या, कमलम्माच्या, पातळांचे खोके सुद्धा.

"अय्यो शिवने! माझ्या इरकलीचा खोका!" कमलम्मा कडाडली. "वेड लागलं काय हिला? पोरीच्या झबल्याला लेस आणाया गेली आणि माझे खोके कापाया बसली!"

"अत्ती, तुमच्या लेकासाठीच."

"लेकासाठी खोका कापतेस? त्याला काय खोक्यात ठेवायचंय?"

दाक्षायणीनं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, रिपोर्ट काय म्हणतो, उपवास कसा आला. कमलम्मानं हातातली सुपारी अडकित्त्यासकट खाली ठेवली.

"सोमवारच्या उपासानं छाती भरती व्हय? मी चाळीस वर्षं सोमवार धरते. माझी तर कवाच फुटायला पायजे होती! त्या डाक्टरला हितं आण. माझ्या शेजारी बसव. बघू कुणाला धाप लागते ते." मग हात पुढं करून म्हणाली, "कात्री दे हिकडं. तू वाकडं कापतेस."

त्या दिवसापासून चार दुपारी दाक्षायणीनं चोरल्या. भांडी झाली की, चनबसप्पा पाळीवरून यायच्या आत, गुरी छातीशी धरून ती खिडकीपाशी बसायची. डाव्या हातात बाळाचं डोकं, उजव्या हातात कार्ड. पितापिता गुरीचे डोळे जड व्हायचे आणि दाक्षायणी गाणं म्हणावं तशा हळू आवाजात आकडे म्हणायची, दोन, दोन, एक, सात. पोरीला ते अंगाईसारखंच वाटत असावं. एकदा मात्र झोपलेली समजून खाली ठेवली, तर उठून तिनं एका कार्डाचा कोपराच चावला. दोनच दात आले होते, पण दोन्हीचे वळ उमटले. "गधडे, ही माणसाची छाती आहे!" दाक्षायणी ओरडली, आणि पोरीचा ओठ थरथरला तसं तिला पुन्हा पोटाशी घेतलं.

तीनशे बारा कार्डं निघाली. त्यातल्या एकशे चाळीस जणांची छाती भरत होती. शुक्रवारी भरणारे एकशे एकवीस. सोमवारी भरणारे पाच. आणि कारणाच्या रकान्यात सगळ्यांना, एकूणएक सगळ्यांना, तीन.

चनबसप्पाचं कार्ड त्यात नव्हतं. ते कुठल्या तरी पोरीच्या परकराच्या लेसेखाली अर्धं झालं असणार.

---

शनिवारी ती गिरणीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. कामाचा कंटाळा आलेला होता, आणि ते काही वेळा वाईटपणाहून वाईट असतं. त्यांनी कंपाउंडरकडून चहा मागवला, दाक्षायणीनं कार्डांवरून उतरवलेली वही चाळली.

"हे तुम्ही डोळ्यानं वाचलंत? मग ह्याला पुरावा कसा म्हणू? कोणीही वहीत काहीही लिहील."

"तुमच्या हातानं एक कार्ड काढा."

डॉक्टरांनी गंमत म्हणून मधूनच एक ओढलं. दाक्षायणीनं ते खिडकीशी धरलं. "बिल्ला बावीसशे सतरा. तेव्हा वय चौतीस. पिंजण खातं. नोकरी अकरा वर्षं."

कंपाउंडरनं बिल्ल्यांचं रजिस्टर काढलं, बोट फिरवलं. त्याची मान हलली. दुसरं कार्ड काढलं. जुळलं. तिसरं जुळलं तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"बरं," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुमच्या नवऱ्याचं मी करून देतो. घडी खात्याचा कागद सोमवारी मिळेल. ही रद्दी मात्र इथं ठेवून जा. बाहेर उगाच चर्चा नको."

दाक्षायणीला खरंच वाटलं, ठेवावी. कशाला खोटं बोलायचं! त्या क्षणी तिला एकशे चाळीस माणसं दिसत नव्हती. एकच दिसत होता, सोमवारी रात्री भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपणारा.

"कुठं ठेवाल?" तिनं विचारलं.

"ठेवू की कुठं तरी," डॉक्टर म्हणाले, आणि चहाचा कप टेबलावर डाग पडू नये म्हणून बावीसशे सतरावर ठेवला.

कपाच्या बुडाचं ओलं कडं कार्डात शिरायला लागलं. हिरवा रंग काळपट झाला, भोकांच्या कडा फुगल्या. दाक्षायणीनं कप उचलला, तो टेबलावर आदळला, कार्ड पदरानं टिपलं आणि गठ्ठा काखेत मारला.

"अहो, नवऱ्याचा कागद..."

"ठेवा तुमच्यापाशी. तुम्हाला जागा आहे कागद ठेवायला."

घरी चनबसप्पा भडकला. क्वचित भडकायचा, कारण ओरडायलाही श्वास लागतो.

"सही मिळत होती आणि तू उठून आलीस?"

"हो."

"माझी छाती, माझा जीव. मला इचारायचं तरी!"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

"घे म्हणालो असतो! पोरगी हाय पदरात, आई हाय. मी काय देव हाय?" तो खोकला, बसला, पाणी प्याला.  मग म्हणाला, "बावीसशे सतरा म्हणजे नरसय्या. माझ्या शेजारच्या मशीनवर. त्याच्या कार्डावर च्या सांडला?"

"सांडला नाही. कप ठेवला."

 दुसऱ्या दिवशी, रविवारी, चनबसप्पानं स्वतः गठ्ठा फडक्यात बांधून ठेवला.

---

सोमवारी सकाळी पहिला भोंगा झाला तेव्हा दाक्षायणी गिरणीच्या दारासमोरच्या पायरीवर उभी होती. गुरी कमलम्माच्या कमरेवर. कमलम्मा बोलावल्याशिवाय आली होती आणि शाईचं पॅडही तिनंच शेजारच्या मास्तरकडून मागून आणलं होतं.

चनबसप्पाला मोठ्यानं पुकारता येईना, म्हणून तो नावं सांगत गेला आणि दाक्षायणीनं पुकारलं.

"बावीसशे सतरा!"

येणारी माणसं थबकली. "कोण पुकारतंय? बाई हाय की!"

"बावीसशे सतरा, नरसय्या! गुरुवारची सुट्टी होती त्या उन्हाळ्यात तुमची छाती शुक्रवारी भरायची. खरं का खोटं?"

नरसय्या पुढं आला. साठीचा दिसायचा, बेचाळीसचा होता. "खरं. पण तुला कसं ठाऊक, अम्मा?"

"तुम्हीच सांगितलं होतं डॉक्टरांना. इथं आहे. खरं असेल तर मागं अंगठा द्या."

त्यानं कार्ड उलटसुलट केलं, भोकातून आभाळ बघितलं, आणि अंगठा दिला.

"अठराशे साठ! बाशूभाई!"

"हौ, मैं." बाशूभाई डोक्याला रुमाल बांधत आला. "मेरा क्या निकला?"

"शुक्रवार. कारण, सोमवारचा उपवास."

"क्या?" बाशूभाईनं रुमाल सोडला. "मैं कब सोमवार का उपास पकड़ा जी? मेरेकू उपास कौन लगाया?"

आधी एक हसला, मग दहा हसले. मग हसू एकदम तुटलं, कारण प्रत्येकाच्या लक्षात आलं की हा विनोद आठ वर्षं आपल्या छातीवर बसलाय.

"कोण लावला म्हणता?" दाक्षायणी म्हणाली. तिनं आवाज खाली घेतला नाही. "मी लावला. ह्या बोटांनी. साहेबानं सांगितलं आणि मी मारला. आता शिव्या द्यायच्या तर द्या, पण अंगठा आधी द्या."

शिव्या कुणी दिल्या नाहीत. एक म्हातारा जवळून जाताना नुसता बघून गेला, ते शिवीपेक्षा जास्त लागलं. ती नंबर पुकारत राहिली. काही नंबरांना कुणी ओ दिली नाही. "गेला तो," मागून आवाज यायचा. "मागच्या वर्षी गेला." ती कार्डं कमलम्मा वेगळी घेत होती, उजव्या हातानं, प्रसाद घ्यावा तशी.

दुसरा भोंगा झाला. चव्वेचाळीस अंगठे झाले होते. माणसं दाराकडं वळली, सवयीनं. चनबसप्पा वळला नाही. तो पायरीवर बसला.

"बसलास का रं?" नरसय्यानं विचारलं.

"आज सोमवार," चनबसप्पा म्हणाला. "डाक्टर बुधवारी छाती तपासतो. बुधवारी माझी बी मोकळी असती. आज तपासू दे. आत जायच्या आधी एकदा, सुटल्यावर एकदा. आत्ता तपासल्याबिगर मी पिंजणात जात न्हाय."

नरसय्या त्याच्या शेजारी बसला. मग बाशूभाई. मग पिंजण खात्याची माणसं एकेक करून बसत गेली, पायरी पुरेना तशी फुटपाथवर. आत पट्टे फिरायला लागल्याचा आवाज आला, पण त्यातला एक आवाज कमी होता आणि तो बाहेर सगळ्यांना ओळखू आला.

पाऊण तासानं खात्याचा मुकादम, जॉबर, आला, ओरडून गेला. मग टाइमकीपर आला. शेवटी डॉक्टर आले, मागं कंपाउंडर फुंकायचं यंत्र घेऊन.

"ही काय जत्रा आहे?"

"आमी उपाशी लोक," बाशूभाई म्हणाला. "तपासो."

डॉक्टरांनी दाक्षायणीकडं बघितलं, अंगठ्यांच्या गठ्ठ्याकडं बघितलं, आणि बसलेल्या माणसांच्या ओळीचं शेवटचं टोक शोधलं. ते वळणापलीकडं होतं. त्यांनी कंपाउंडरला खूण केली. पायरीवर पहिला चनबसप्पाच होता. त्यानं नळी तोंडात धरली, डोळे मिटले आणि जीव एकवटून फुंकलं. काटा थोडा चढला, थरथरला, थांबला.

डॉक्टर काट्याकडं बघत तोंडातल्या तोंडात आकडा पुटपुटले आणि कंपाउंडरनं कागदावर कसलीशी खूण केली.

"मोठ्यानं सांगा," दाक्षायणी म्हणाली. तिनं गुरीला सासूकडून घेतलं आणि कंपाउंडरच्या कागदावर बोट ठेवलं. "आणि हे अक्षरात लिहा. कुणालाही वाचता येईल असं. वार पण लिहा."